डावी बाजू

चाळिशी उलटल्यावर माझ्या नवऱ्याला, हिरोमुला, गाडीचं वेड लागलं. बाकीचे पुरुष या वयात मासे पकडायला जातात. याने मात्सुयामा शहरात जाऊन एक दोन सीटांची, कापडी टपाची, गडद हिरवी स्पोर्ट्‌स कार आणली. आमच्या मुलीपेक्षा मोठी होती ती वयाने. तो शेजारच्या खाडीवरल्या शाळेत भूगोल शिकवतो. शाळेचा रस्ता समुद्राला धरून वळत वळत जातो. वर संत्र्यांच्या बागा, खाली पाणी. अशा रस्त्यावर अशी गाडी हवीच, असं त्याचं म्हणणं.

इंजिन ठणठणीत होतं, पण शॉक अ‍ॅब्सॉर्बर पार गेलेले. एका खड्ड्यातून गेलं की पुढचा खड्डा येईपर्यंत गाडी हिंदकळत राहायची. वळणावर तर अशी कलंडायची की मी दाराची मूठ धरून बसायची.

"बोटीतूनच जायचं तर बंदरावरून जा ना," मी म्हणायची. "भाडंही कमी पडेल."

शेवटी एका रविवारी आम्ही ओचीच्या गॅरेजात गेलो. ओची माझा मावसभाऊ. त्याची जीभ तिखट, पण हात चांगला.

"दाजी, आधी एक सांगा," तो हिरोमुला म्हणाला. "तुम्हाला शर्यत लावायचीय की शाळेत जायचंय?"

"शाळेतच जायचंय. पण जरा मजेत."

"आणि खिसा?"

हिरोमुने माझ्याकडे पाहिलं. मी ओचीकडे पाहिलं. ओची समजला.

त्याने सांगितलं, सगळ्यात स्वस्त म्हणजे नुसत्या कडक स्प्रिंग घालायच्या. पण मेलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर कडक स्प्रिंग घातल्या तर गाडी बेडकासारखी उड्या मारेल. मग ते उंची कमीजास्त करता येणारे पूर्ण संच. पोरं घेतात. गाडी जमिनीला टेकते, फोटो झकास येतो. "पण स्वस्तातला घ्याल तर चिगुसाची कंबर जाईल, आणि ती माझ्या नावाने खडे फोडेल."

"फोडेनच," मी म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला हवं ते मधलं. मूळच्या स्प्रिंग, जरा बऱ्या, आणि त्यांना शोभतील असे चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर. वळणावर घट्ट, खड्ड्यावर मऊ. पण ते नवं घेतलं तर झेपणार नाही." मग तो आत गेला आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. "हे आहे. याच गाडीचं. फारसं चाललेलं नाही."

चारही नळकांडी पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ होती. तेलाचा डाग नाही, गंज नाही.

"मग इतकं स्वस्त का?" मी विचारलं. "अपघाताची गाडी?"

"छे गं. गाडीला ओरखडाही नाही. टेकडीवरचे शिराकाताकाका आहेत ना, पूर्वी फेरीबोटीवर इंजिन बघायचे, त्यांचं. काढ म्हणाले. जुना कडक संच होता घरात पडलेला, तोच परत बसवून घेतला. म्हातारपणी लोक मऊ मागतात, यांनी कडक मागितलं. मी कशाला विचारू?"

आम्हीही विचारलं नाही. आठवड्याभरात ते बसवून झालं.

गाडी ओळखू येईना. रस्त्याचा प्रत्येक उंचवटा कळायचा, पण टोचायचा नाही. वळणावर ती रेलायची आणि मग तिथेच थांबायची, भरवसा दिल्यासारखी. हिरोमु सकाळी शीळ वाजवत निघायला लागला. मला बरं वाटलं.

मग एक दिवस जेवताना तो म्हणाला, "संत्र्यांच्या शेडपाशी रस्ता खचलाय का गं?"

"नाही बाई. का?"

"तिथे डावी बाजू खाली बसते."

ती शेड म्हणजे बागांमधली संत्री आकारानुसार निवडून खोक्यांत भरायची जागा. तिच्या पुढ्यात रस्ता फार अरुंद आहे, त्यामुळे वेग कमी करावाच लागतो. दुसऱ्या दिवशी हिरोमु तिथे उतरून वाकून बघून आला. रस्ता परीटघडीसारखा सपाट. सकाळी जाताना काही होत नव्हतं. फक्त दुपारी, शाळेतून परत येताना, शेडपाशी वेग मंदावला की डावी बाजू बोटभर खाली जायची. आणि बंदरापर्यंत तशीच राहायची. बंदरापाशी वर यायची.

ओचीने गाडी उचलून पाहिली. नट घट्ट, रबरं शाबूत. स्वतः चालवून आला. त्याच्या हातून काहीच झालं नाही. पण तो सकाळचा गेला होता.

"दाजी, डबा कमी खा," तो म्हणाला.

"मी उजवीकडे बसतो रे," हिरोमु म्हणाला. तो हसत नव्हता.

शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. मी बसने गेले आणि परत येताना त्याच्या शेजारी बसले. ऊन छान पडलं होतं, टप उघडा होता. शेड जवळ आली. हिरोमुने गिअर उतरवला. मी रस्त्याकडे डोळे लावून बसले होते, कुठे उंचसखल दिसतंय का बघत.

गाडी खाली बसली. धक्का नाही, आवाज नाही. एखादं माणूस सावकाश, दुखरं अंग सांभाळत बसतं, तशी बसली. आणि मी दाराकडे सरकले.

हे मला नंतर कळलं. बाकावर कुणी शेजारी येऊन बसलं की आपण जसे विचार न करता सरकतो, तशी मी सरकले होते आणि पिशवी मांडीवर उचलून घेतली होती. संत्र्याच्या सालीचा वास येत होता, नुकती सोललेली असावी तसा. त्या महिन्यात झाडांवर नुसती फुलं होती.

हिरोमुने माझ्याकडे पाहिलं.   बंदरापाशी, जिथे माशांच्या वड्या तळून देणारं छोटं दुकान आहे, तिथे गाडी हलकेच वर आली. मी पुन्हा मोकळी बसले. मला थंडी वाजत होती.

"कळलं?" त्याने विचारलं.

"थांबव. मला चालत जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शिराकाताकाकांकडे गेलो. टेकडीच्या माथ्यावर एकटं घर. अंगणात त्यांचीही गाडी उभी होती, आमच्यासारखीच, पांढरी. उंच, वाळलेले गृहस्थ. हिरोमुने बोलायला सुरुवात केली, काका, तुमचे ते शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे तक्रार नाही, पण... काकांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"तुमच्याकडे बसते का ती?"

हिरोमुने नुसती मान हलवली.

त्यांनी आम्हाला ओटीवर बसवलं, चहा आणला. त्यांची बायको फुसाए. सकाळी शेडमध्ये संत्री निवडायची, दुपारी बंदरावर बहिणीच्या दुकानात वड्या तळायला जायची. काका रोज तिला शेडपासून दुकानापर्यंत सोडायचे. तिच्या खुब्याचं दुखणं होतं. काकांच्या गाडीत तेव्हा तरुणपणी घातलेला कडक संच; प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावायची.

"मी म्हटलं, गाडी विकतो. ती म्हणाली, गाडी कशाला, स्प्रिंग बदला. ओळखीपाळखीत ज्याची म्हणून अशी गाडी होती त्याच्या शेजारी बसून आली ती. मी लाजायचो. ती उतरून सांगायची, हे नको, हे डुलतं. हे नको, हे हाणतं. शेवटी मात्सुयामात एकाच्या गाडीतून उतरली नि म्हणाली, हे घ्या, यात माझा खुबा बोलत नाही." काका जरासे हसले. "तिच्या कमरेने निवडलेलं आहे ते."

मग एका दुपारी ते नेहमीच्या वेळी शेडपाशी पोहोचले. फुसाए बाहेर खोक्यावर बसली होती, डोक्यावर टोपी, हातात पिशवी, निघायच्या तयारीत. त्यांनी हॉर्न दिला. ती उठली नाही. बरोबरच्या बायकांना वाटलं होतं, डुलकी लागलीय.

"त्यानंतरही यायची," काका म्हणाले. "रोज. शेडपाशी बसायची, दुकानापाशी उतरायची. सुरुवातीला मी बोलायचो तिच्याशी. मग झेपेना. रोज दुपारी उतरून जाणार, आणि मी रोज मोकळ्या गाडीत वर येणार. रोज एकदा गेल्यासारखं व्हायला लागलं. म्हणून काढून टाकलं ते. वाटलं, थांबेल."

"थांबलं?" मी विचारलं.

"माझ्याकडे थांबलं." त्यांनी आमच्या हिरव्या गाडीकडे पाहिलं. "आता झोप लागत नाही. ती येत नाही म्हणून." मग ते म्हणाले, "मास्तर, एकदा चालवू द्याल?"

हिरोमुने किल्ली दिली. त्यांच्या घरापासून बागेतल्या पायऱ्या थेट शेडपाशी उतरतात. आम्ही त्या वाटेने खाली गेलो. काका रस्त्याने वळसा घेऊन येणार होते.

दुपार झाली होती. शेड बंद, पत्र्यावर ऊन. आम्ही पलीकडच्या कठड्याला टेकून उभे राहिलो. गाडीचा आवाज आधी आला, मग ती वळणावर दिसली. काका एकटे, दोन्ही हात स्टिअरिंगवर. शेडपाशी त्यांनी गाडी अगदी सावकाश केली, जवळजवळ थांबवलीच.

आतापर्यंत ते फक्त माझ्या अंगाला कळलं होतं. आता डोळ्यांना दिसलं. दार उघडलं नाही. सीटवर काहीही नव्हतं. डावी बाजू हळूहळू खाली बसली, चाकाच्या वरची फट बारीक झाली आणि तशीच राहिली. काकांनी मान वळवली नाही. फक्त त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून निघाला आणि शेजारच्या जागेवर जाऊन थांबला. हिरोमुने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

गाडी बंदराकडे निघून गेली.

पुढचं सांगायला फार नाही. त्याच आठवड्यात ओचीने सगळं उलट केलं. काकांचं काकांच्या गाडीत गेलं. हिरोमुला माझ्या बोनसमधून नवे, साधे, बरे शॉक अ‍ॅब्सॉर्बर मिळाले. ओची कुरकुरला, "एकाच कामाचे दोनदा पैसे घ्यायला मलाच लाज वाटतेय," आणि घेतले. आमची गाडी आता शेडपाशी सरळ जाते. तिथे हिरोमु शीळ थांबवतो, एवढंच.

पण काही दिवसांनी ओची आमच्याकडे आला आणि चपला काढायच्या आधीच बोलायला लागला. काकांची गाडी डावीकडे झुकलीय. कायमची. अंगणात उभी असतानासुद्धा. ओचीने स्प्रिंग काढून बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्ही सारख्या. डावीची उजवीकडे घातली, उजवीची डावीकडे. तरी डावी बाजूच खाली.

"मी म्हटलं, काका, स्प्रिंगखाली चकती घालून ती बाजू उचलून देतो. तर म्हातारा माझ्या अंगावर आला. हात लावायचा नाही म्हणे. म्हणे, पहिल्याच दुपारी ती दुकानापाशी उतरली नाही."

 ओची चहा न घेताच गेला.

तेव्हापासून ती पांढरी गाडी सगळीकडे दिसते. बाजारात, दवाखान्यासमोर, लांब मात्सुयामाच्या रस्त्यालासुद्धा. नेहमी डावीकडे जराशी कललेली. काकांचा रंग सुधारलाय, पण ते फार बारीक झालेत. गावात कुणी त्यांच्या गाडीत बसायला मागत नाही आणि तेही कुणाला बोलावत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी बाजारातून निघाले तर आभाळ फाटल्यासारखा पाऊस. माझ्याकडे छत्री नाही, दोन्ही हातांत पिशव्या. पांढरी गाडी माझ्याजवळ येऊन थांबली. काचा आतून वाफेने धुरकटलेल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या. काकांनी त्यांच्या बाजूची काच खाली केली.

"सोडलं असतं गं पोरी तुला," ते अगदी ओशाळून म्हणाले. "पण जागा नाही."

"असू दे काका. जवळच आहे."

मी त्यांना वाकून नमस्कार केला. मग गाडीला वळसा घालून डाव्या खिडकीपाशी गेले आणि तिकडेही वाकले.