सून घरीच असते

"सून काय करते?" हा प्रश्न आपल्याकडे चहाच्या आधी येतो. बेंगळुरूतल्या येलहंक्याच्या वासुदेवरावांचं उत्तर ठरलेलं होतं, "ती घरीच असते."

आता शलाका घरी सापडली तर शपथ. लग्नाआधीपासून ती शहरातल्या स्टुडिओंत खर्जातली बेस गिटार वाजवत होती. कन्नड सिनेमाची गाणी, जाहिराती, भक्तिगीतं. सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्या. रिक्षात बसलं की तिचंच काहीतरी वाजत असायचं. पण सरकारी कारखान्यात विमानांची इंजिनं जुळवून निवृत्त झालेल्या सासऱ्यांची जीभ "सून गिटार वाजवते" म्हणताना अडायची. माणूस वाईट नव्हता. तिची जड गिटार लिफ्टपर्यंत पोचवायचे, डबाही भरून द्यायचे.

यंदा तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी पहाटेसाठी गायक त्रिविक्रमबुवा तिला साथीला विचारायला घरी आले. त्यांनाही वासुदेवराव सवयीने म्हणाले, "ती घरीच असते." बुवा नुसते हसले. आपल्या माणसांसमोर शलाका पहिल्यांदाच वाजवणार होती. ती नवऱ्याला म्हणाली, "अरविंद, या वेळी तरी बाबांनी चारचौघांत माझं नाव घ्यावं. नाही घेतलं तर मी पुन्हा वाट बघणार नाही."

मंडळाचा साउंड वासुदेवरावच सांभाळत. कार्यक्रम रंगात आला आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "भावगीताला हे धुमधुम कशाला हो?" वासुदेवरावांचे कान तापले. त्यांनी मिक्सरवरचा शलाकाचा आवाज हळूच पार बंद केला. गिटार थेट मिक्सरलाच जोडलेली, त्यामुळे ती मंचावरही ऐकू येईना.

शलाकाला कळलं. ती खाली मान घालून वाजवत राहिली.

कडव्यात बुवा चाचरले. तबला पुढे पळाला, पेटी मागे राहिली, लोकांनी मोबाइल काढले. बुवांनी गाणं थांबवलं आणि माइक बाजूला सारून ते मंचालगतच्या मिक्सरकडे वाकले.

"वासुदेवराव, शलाकाताई ऐकू येत नाहीत."

"गाताय तुम्ही, बुवा. तिच्याकडे कोण कान देतंय?"

"मी देतो. तिच्या भरवशावर तर वरचा सूर लावतो. तुम्ही जुळवलेली इंजिनं कधी कुणा प्रवाशाने पाहिली? मग तुम्हीही घरीच असायचात का?"

वासुदेवरावांचा हात मिक्सरकडे गेला. त्यांनी आवाज पुन्हा वर केला. गाणं सुरू झालं आणि तबला, पेटी, बुवा सगळे जागच्या जागी बसले. अरे, हेच तर रोज रात्री शेजारच्या खोलीतून ऐकू यायचं! इतकी वर्षं आपण दार लावून घेतलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

शेवटी निवेदिका वीणा कलाकारांची नावं घेऊ लागली. गायक झाले, तबला झाला, पेटी झाली. "आणि इतर साथीदार," ती म्हणाली. वासुदेवराव उठले आणि त्यांनी माइक मागून घेतला.

"इतर नाही. बेस गिटार, शलाका. माझी सून." त्यांनी मंचाकडे हात केला. "ती घरी नसते. तिला खूप काम असतं."

स्टुडिओत कधी न चुकणारी शलाका वायर न काढताच उठली. गिटारचा केवढा तरी आवाज झाला आणि सगळे हसले. तीही हसली, डोळे पुसत.

मंडळी, घरातल्या बाईचं काम आपण आनंदाने वापरतो, तिच्या डब्यात पोळ्याही भरतो, आणि नाव सांगायची वेळ आली की कचरतो. ते नाव चारचौघांत घ्या. उशीर झाला असला तरी घ्या.

दुसऱ्या दिवशी नव्याने राहायला आलेल्या कावेरीअक्कांनी लिफ्टमध्ये विचारलंच, "अंकल, सून काय करते?"

"स्वल्प, जरा थांबा," वासुदेवराव म्हणाले, आणि खिशातून मोबाइल काढून त्यांनी तिचं गाणं लावलं.