चोरस्विच

आमच्या घरात दोन हट्टी प्राणी. एक हे आणि दुसरी ह्यांची गाडी. गाडी निदान ओरडते तरी.

त्या आठवड्यात ती ऊठसूट ओरडायला लागली. दाराशी उभी, कोणी बोटही लावलेलं नाही, आणि मध्येच अलार्मचा भोंगा सुरू. शेजारीण दोनदा येऊन गेली. "अहो, तुमची गाडी गळा काढतेय," म्हणाली. मी वरवर ओशाळायची, पण खरं सांगू? आतून बरं वाटत होतं. तो अलार्म आमच्या मुलाने बसवलेला. गाडी जुनी, कंपनीने तिला असलं काही दिलेलं नव्हतं. त्यानेच बाजारातून आणून, दोन रविवार खपून जोडला होता. म्हणजे बिघडला तर बघणारही तोच, असं माझं साधं गणित. आता तरी ह्यांच्या तोंडून निघेल, बोलाव त्याला.

मुलगा घर सोडून गेला त्याला चार वर्षं झाली. कारण सांगायचीही लाज वाटते. ह्यांच्या निवृत्तीचा समारंभ होता. साहेब ह्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला उभे राहिले आणि बाहेर आमच्या गाडीने भोंगा लावला. थांबेचना. शेवटी कोणीतरी जाऊन बॅटरीची वायर ओढली. सगळे हसले, हे नाही हसले. घरी आल्यावर मुलाला म्हणाले, "माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही." तोही ह्यांचाच मुलगा. "नाही लावणार," म्हणाला. शब्दाला शब्द वाढला, आणि महिन्याभरात तो लांबच्या गावी गाड्यांच्या वायरिंगचं काम धरून निघून गेला. दुपारी हे झोपले की मला फोन करतो. येत मात्र नाही. त्याच्या पलंगावरची चादर मी अजून बदलते. कोणी झोपत नाही, तरी बदलते.

तर शेजारणीचा धीर सुटला आणि तिने स्वतःच एक वायरिंगवाला आमच्याकडे धाडला. आता दारात आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? त्याने गाडीचं दार उघडलं, चौकटीतलं छोटं बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, हे गंजलंय. दार लागलं तरी अलार्मला वाटतं उघडंच आहे, म्हणून ओरडतो." बटण बदललं. चहा गाळून होईपर्यंत काम फत्ते. मेल्याने जरा वेळ तरी लावायचा.

चहा पिताना तो ह्यांना म्हणाला, "बाकी वायरिंग कोणी केलंय काका? एकेका वायरला टेप, टेपवर नाव. इतकं जीव लावून कोणी करत नाही हो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टायरकडे बघत होते. "होता एक जण," म्हणाले.

होता म्हणे. मी कप उचलून आत गेले. गाडी गप्प झाली होती आणि मला मात्र रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की समोरचे दिवे लागत, इंजिन मात्र हूं की चूं नाही. वायरिंगवाला पुन्हा आला. बॅटरी भरलेली, फ्यूज धड. करंट तपासायचा टेस्ट लॅम्प घेऊन तो सीटखाली डोकं खाली, पाय वर करून बराच वेळ लोळला. हे वाकून त्याला टॉर्च दाखवत होते, अगदी मन लावून.

"स्टार्टरला करंटच जात नाही," तो बाहेर येत म्हणाला. "मध्ये कुठेतरी चोरस्विच बसवलाय. लपवलेलं बटण असतं, ते बंद असलं की चोराने किल्ली फिरवली तरी गाडी सुरू होत नाही. कुठंय ते काका?"

"मला काय माहीत," हे म्हणाले.

"मग ज्याने बसवलंय त्याला विचारा. नाहीतर उद्या येऊन सगळा अलार्म उपटून काढतो."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, विचारू का त्याला?"

"घाई काय आहे," म्हणत ह्यांनी चपला घातल्या आणि फिरायला गेले. मुलाने टेप लावलेल्या वायरी उद्या कचऱ्यात जाणार, आणि ह्यांना घाई नाही. माझं डोकंच फिरलं. मी फोन लावला.

"आई, ते बटण राखेच्या खणामागे आहे," मुलगा म्हणाला. सिगारेटची राख झाडायला गाडीत छोटा खण असतो, तो. "पण बाबांना माहीत आहे की. मी बसवत होतो तेव्हा तेच टॉर्च धरून उभे होते. दोनदा चालू-बंद करून बघितलं त्यांनी." मग म्हणाला, "तुला बाबांनी विचारायला सांगितलं का गं?"

हो म्हणावंसं फार वाटलं. जीभ रेटली नाही. "नाही रे. मीच विचारतेय."

"बरं," म्हणाला.

मी गाडीत जाऊन बसले. खण ओढून काढला. आमच्यात कोणी सिगारेट ओढत नाही, पण खणात पेपरमिंटचा ताजा कागद होता. साखर बंद केलीय ह्यांची डॉक्टरांनी. मागे हात घातला, बटण लागलं. दाबलं आणि किल्ली फिरवली, तर गाडी शहाण्यासारखी सुरू झाली.

बटण काही आपोआप बंद होत नाही. गाडी दुरुस्त झाली, मुलाला बोलवायचं निमित्त गेलं, तेव्हा ह्यांनीच हळूच येऊन ते बंद केलं होतं. मला वाटायचं, वाट बघणारी ह्या घरात मी एकटीच. किल्ली हातात धरून मी तिथेच बसून राहिले. मग बटण होतं तसं बंद केलं, खण लावला आणि घरात आले.

हे परत आल्यावर मी म्हटलं, "उद्या वायरिंगवाला येतोय सगळं उपटायला."

"उद्या नको म्हणावं."

"मग सुरू कोण करणार?"

ह्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "विचारून बघ त्याला."

"मी नाही विचारणार. हात लावू नको म्हणणारे तुम्ही. तुम्हीच बोला," मी म्हटलं, नंबर लावला आणि फोन ह्यांच्या हातात दिला.

"मी बोलतोय," हे म्हणाले. हातातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "गाडी सुरू होत नाहीये." पलीकडून तो काहीतरी बोलला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालायला घेतला.

"माहीत आहे मला कुठे आहे ते," हे म्हणाले. "मीच बंद केलंय." मग एका दमात म्हणाले, "तू ये आणि तुझ्या हाताने चालू कर."

फोन माझ्याकडे देऊन हे उठून गेले. पलीकडे मुलगा नाक शिंकरत होता.

"आई, शनिवारी येतो," म्हणाला. "तोवर बाबांना बॅटरीची वायर काढून ठेवायला सांग. गाडी नुसती उभी राहून बॅटरी उतरेल."

मी सांगायला बाहेर गेले, तर ह्यांनी आधीच बॉनेट उघडलं होतं आणि पाना शोधत होते.