बादलीतलं गाणं

धम्मशीला सून म्हणून आमच्या घरात आली ते साल दोन हजार बावीस. लग्नाच्या मांडवात शंकरराव गायला उभा राहिला आणि दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज फाटला. लोकांना वाटलं, धुळीनं झालं असेल. मी ढोलकीवर होतो. तीस वर्षं त्याच्या मागं बसून ढोलकी वाजवली, मला तरी कळायला पाहिजे होतं.

अमडापूरच्या पुढं आमचं गाव. शंकरराव आणि मी एका वयाचे, एकाच बांधाचे. त्याची भीमगीतं चिखलीपासून नांदुऱ्यापर्यंत लोकांनी ऐकलेली. सगळी त्यानं स्वतः जोडलेली. लहानपणी दोन पावसाळे शाळेत गेला, मग ढोरांमागं लागला, अक्षर आलंच नाही, म्हणून एकही गाणं कागदावर नव्हतं. सगळं डोक्यात.

सोयाबीन सोंगताना मी म्हटलं, "शंकऱ्या, डाक्टरले दाखव बे गळा."

"दाखोतो ना. कपाशी येचून होऊ दे."

कपाशी झाली, तूर झाली, हरभरा झाला. भीमजयंतीला तो अर्ध्या गाण्यातून खाली बसला. मग त्याची पोरगी महामाया त्याला अकोल्याला घेऊन गेली. महामाया चिखलीत शिलाई करते, एकुलती एक. डॉक्टरनं सांगितलं, कंठ काढावा लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. तारीख मिळाली दहा दिवसांनंतरची.

परतताना महामाया चिखलीच्या मोबाईलच्या दुकानात शिरली. मला तिनं तिथंच बोलावून घेतलं होतं. म्हणाली, "काका, बाबाचे गाणे भरून ठेवाचे हायेत. चांगला फोन घेऊ. बाबा दिवसभर वावरात, वल्ल्यात. पाण्यानं खराब होईन असा नको."

दुकानदार हसला. काउंटरवर काचेची बरणी होती पाण्यानं भरलेली. त्यानं एक फोन चालू केला, गाणं लावलं आणि सरळ बरणीत सोडला. फोन तळाशी बसला, उजेड तसाच, आणि गाणं पाण्यातून घुमत वर यायला लागलं. शंकरराव बरणीला नाक लावून पाहत राहिला.

"पाण्यातबी गाते बे तुळश्या हा!" फाटक्या आवाजात तो मला म्हणाला.

"तुह्यापेक्षा बरा गाते," मी म्हटलं.

"बारा महिने वॉरंटी आहे," दुकानदार म्हणाला आणि एक कार्ड डब्यात घातलं.

पुढचे आठ दिवस आम्ही त्याच्या वावरातल्या बाभळीखाली बसलो. धम्मशीला बटण दाबायची, शंकरराव गरम पाण्याचा घोट घ्यायचा आणि गायचा, मी ढोलकी वाजवायचो. आवाज कुठं कुठं चिरायचा. तो थांबायचा, थुंकायचा, पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा. एकेचाळीस गाणी झाली. शेवटचं झालं तेव्हा त्यानं फोन हातात घेऊन कपाळाला लावला.

धम्मशीला म्हणाली, "काका, माह्या फोनवर पाठवून ठेवू का? दोन ठिकाणी असलेले बरे."

"नाई!" तो एकदम तडकला. "एका गायनपार्टीवाल्यानं माह्यं गाणं नेलं अन् सोताचं नाव लावून गायलं. आता ह्या डब्ब्यातून काही बाहीर जात नाई. ल्याहीन तं तुळश्या ल्याहीन."

"अबे, मले कुठी ल्याहता येते?"

"म्हणूनच. तुले अक्षर येत नाई, तू चोरशीन कसा?"

धम्मशीला इतकी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. पण तो थट्टा करत नव्हता. मग सहासष्टाव्या वर्षी मी सुनेपुढं पाटी घेऊन बसलो. "मामाजी, क ची शेंडी उलटी काढली," ती म्हणायची, आणि शेजारची रेणुका भिंतीवरून डोकावून विचारायची, "काय वं, बुडा पास झाला का?"

शंकरराव अकोल्याहून परत आला तो गळ्याला भोक घेऊन. आवाज नाही, कुजबुजही नाही. जेवताना खोकायचा, तेही हवेचंच. आधी आधी लोक भेटायला यायचे, दोन शब्द बोलायचे, आणि समोरून काही येत नाही म्हटल्यावर उठून जायचे. ज्याच्या ओट्यावर रोज दहा माणसं बसायची, त्याचा ओटा रिकामा पडला.

मग त्यानं एक युक्ती काढली. कोणी आलं की बादली ओट्यावर आणायची, फोनवर आपलं गाणं लावायचं आणि फोन बादलीत सोडायचा. पाण्यातून शंकररावाचा आवाज यायचा, मागं माझी ढोलकी. तो कमरेवर हात ठेवून उभा. लोक बादलीभोवती बसायचे, बाया हातातलं खुरपं तसंच घेऊन ऐकायच्या.

*माय माही निंदण करे, चिखलामधी हात,*
*तिनंच मले दावली रे शाळेची वाट.*

पोळ्याला तर त्यानं पाच वेळा बुडवला. मी म्हणायचो, "पुरे कर बे, त्याले सर्दी होईन." तो हसायचा. हसण्याचाही आवाज नव्हता.

आणि माझं लिहिणं? एका ओळीला एक संध्याकाळ जायची. फोन ऐकायचा, थांबवायचा, लिहायचं, धम्मशीलेनं खोडायचं. निंदण आलं, म्हटलं निंदणानंतर. फवारणी आली, म्हटलं फवारणीनंतर. शंकरराव बोटं मोजून खुणेनं विचारायचा, किती झाले? मी म्हणायचो, "घाई काय हाये? फोन कुठी जाते?" सोयाबीन निघेपर्यंत माझ्या वहीत साडेतीन गाणी होती.

मळणीच्या दिवशी फोन त्याच्या खिशातून यंत्राच्या लोखंडावर पडला. कोपऱ्याला चीर गेली, केसाएवढी. फोन चालू होता, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दोन दिवसांनी रेणुकाचा भाऊ नांदुऱ्याहून आला. ती म्हणाली, "शंकरभाऊ, दाखवा ना याले, खोटं म्हणून राह्यला."

शंकररावानं बादली आणली. फोन सोडला. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात आवाज जड झाला, मग दोन बुडबुडे आले आणि गाणं थांबलं. त्यानं फोन काढला, झटकला, पोटावर पुसला. काच काळी. त्यानं आमच्याकडं पाहिलं. रेणुकाचा भाऊ हळूच म्हणाला, "तांदळात ठेवा."

चार दिवस फोन तांदळाच्या कोठीत राहिला. शंकरराव कोठीशेजारीच झोपायचा. पाचव्या दिवशी काढला, तसाच काळा. चिखलीच्या दुकानदारानं उघडूनही पाहिला नाही. "कंपनीच्या केंद्रात न्या, बुलढाण्याला. वॉरंटी त्यांच्याकडं."

शंकरराव, महामाया आणि मी पहिल्या बसनं बुलढाण्याला गेलो. काचेचं दुकान, नंबराची चिठ्ठी. आम्ही बसलो असताना मी ते कार्ड डब्यातून काढलं. मनात म्हटलं, आता मला वाचता येतं, पाहू काय लिहिलं आहे. सगळं इंग्रजीत होतं. इतक्या उशिरा अक्षरं शिकलो, ती इथली निघाली नाहीत.

काउंटरवर सुचिता नावाची पोरगी होती, वागायला नरम. तिनं फोन आत नेला, अर्ध्या तासानं उघडा करून आणला.

"ही बारीक टिकली दिसते? ही पांढरी असते. पाणी लागलं की लाल होते. तुमची लाल आहे. पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही."

महामाया म्हणाली, "अवो ताई, दुकानदारानं बरणीत बुडवून दाखोला! पाण्यात काहीच होत नाई म्हणे."

"नवा असतो तोवर सहसा पाणी आत जात नाही. पण गेलं, तर कंपनी जबाबदार नसते."

"म्हंजे जात नाई म्हणून इकाचा, अन् गेलं तं आमचं?"

सुचितानं मान खाली घातली. "कार्डावर तसंच लिहिलेलं आहे. शिवाय कोपरा फुटलेला आहे."

"बरं, जाऊ द्या वॉरंटी. मी पैसे देते. दुरुस्त करा."

"दुरुस्त होईल. आतला बोर्ड बदलू. पण जुन्यातलं काही राहणार नाही. फोन नव्यासारखा कोरा येईल."

शंकररावानं मला बाजूला सारलं आणि काउंटरसमोर आला. दोन्ही हात हवेत धरून बादली दाखवली. मग गळ्यावर बोट ठेवलं, मग फोनवर. तिला कळेना. मग त्यानं काउंटरच्या काचेवर बोटांनी ठेका धरला. धा धिन, धा धिन. माझाच ठेका, 'माय माही'चा. डोळे मिटून वाजवत राहिला, आणि ओठ हलत होते.

"काका, काच आहे ती," सुचिता म्हणाली. "थोडा दम धरा, मागं बसा."

मी पुढं होऊन सांगितलं, "पोरी, त्याचा आवाज हाये त्यात. दुसरा कुठीच नाई."

तिनं त्याच्या गळ्याकडं तेव्हा पाहिलं. पुन्हा आत गेली, कोणाशी तरी बोलली, बाहेर आली. "मी विचारलं. नाही होत, काका. खरंच नाही होत."

मग चिखलीत एका दुरुस्तीवाल्यानं फोन गरम करून पाहिला, दुसऱ्यानं धुऊन पाहिला. काही आलं नाही. शंकरराव तो बंद फोन सदऱ्याच्या खिशात घालूनच वावरात जायचा. बादली ओट्यावर पुन्हा आली नाही.

मी गाणी आठवायला बसलो. ध्रुपदं यायची, ती तर मी मागून म्हटलेली. कडवी येईनात. कडवी तो दर वेळी बदलायचा आणि मी ढोलकीकडं पाहायचो. हात सगळी गाणी वाजवत होते, तोंडात शब्द नव्हते.

पुढच्या वर्षी शंकररावाचं दुखणं छातीत उतरलं. डिसेंबरात त्याची बाज उन्हात टाकलेली असायची. एक दिवस त्यानं वहीची खूण केली. मी ओळीखाली बोट धरून वाचलं. तीन गाणी झाली. चौथं 'माय माही', अर्धं. शेवटची ओळ होती, "पाटीवर माह्यं नाव तिनं..." त्यापुढं मी त्या संध्याकाळी वही मिटली होती.

"पुढं काय होतं बे?" मी विचारलं.

त्यानं ओठ हलवले. मी कान नेला. नुसती हवा.

"पाह्यलं?"

मान हलली, नाही.

"पुसलं?"

नाही.

"झाकलं? हातानं चाचपलं?"

नाही. पुन्हा ओठ हलले, तेच, हळू हळू, जशी मी शिकताना धम्मशीला मला एक एक अक्षर सांगायची. मला कळलं नाही. त्यानं बाजेच्या लाकडावर ठेका धरून दाखवला. ठेका मला येत होता. मी अजून सात-आठ शब्द सांगितले. तो दमला, डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. शेवटी काही सुचेना म्हणून मी पुन्हा म्हटलं, "पाह्यलं?"

त्यानं मानेनं हो म्हटलं.

मी तो शब्द वहीत लिहिला. तो त्याचा नव्हता. त्याच्या पुढचं कडवं नाही.

शंकरराव १९ जानेवारी २०२५ ला, रविवारी, सकाळी आपल्या घरी वारला.