आपोआप बंद

धाकट्याची कंपनी इंटरनेट बघायचा ब्राउझर बनवायची, माणसाचं खाजगी ते खाजगीच ठेवणारा. त्यात जाहिराती मुळातच बंद ठेवायच्या, की ज्याला नकोत त्याने बंद करायच्या, यावर बैठकांवर बैठका झडल्या. जाहिरातींवर पोट असलेल्या छोट्या वेबसाइटवाल्यांचं काय, असं एक बाई पोटतिडकीने विचारत होत्या. धाकटा उसळून म्हणाला, "न बोलावता घरात घुसणाऱ्याला दारातच अडवायचं. त्यात विचारायचं काय? आपोआपच बंद राहू द्या."

त्याचंच खरं झालं. मग काय, स्वारी हवेत! त्याच भरात त्याने आईच्या फोनवरचा जुना ब्राउझर काढून आपला टाकला. आईला विचारलं नाही. आईला कोण विचारतं?

महिन्याभराने घरी आला, तर आई फोन उपडा ठेवून बसलेली.

"काय गं, बिघडला का?"

"बिघडला नाही. पण तुझे बाबा येत नाहीत रे आता."

धाकटा आईकडे निरखून बघू लागला. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आईच्या डोक्यावर परिणाम झाला की काय?

"असा बघतोस काय? कवळीच्या जाहिरातीतले!" आई वैतागली.

मग त्याला आठवलं. बाबा शिंपी. चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा, माप देताना गिऱ्हाईक घाबरायचं. कवळी बसवली तेव्हा दंतवैद्याने गळ घालून त्यांची छोटी फिल्म काढली होती. तीत बाबा सफरचंदाचा कचकन चावा घेतात आणि चक्क खदखदून हसतात. घरात त्यांचा हसरा फोटो एकही नव्हता. आईने एकदा फोनच्या ब्राउझरवर कवळी शोधली होती, तेव्हापासून त्या जाहिरातीने तिचा पिच्छाच सोडला नव्हता.

"बातम्या वाचताना मध्येच यायचे," आई म्हणाली. "मी म्हणायची, आलात का? बसा."

"अगं, मी डॉक्टरांकडून ती फिल्म आणतो. फोनवर ठेवतो. हवी तेव्हा बघ."

"मी काढून बघायची म्हणजे फोटोच झाला की. ते आपणहून यायचे रे."

धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन घेऊन त्याने जाहिराती सुरू केल्या. कर्जवाले आले, गुडघ्याचे पट्टे आले, कुकर आले. बाबा नाही आले. येणार कसे? आई कोण, तिने काय शोधलं, हे कुणाला कळूच नये, याचीही चोख व्यवस्था त्याच्याच ब्राउझरने केली होती. तीही त्याने बंद केली आणि आईच्या फोनवर स्वतःच 'कवळी' शोधू लागला. 'चांगली कवळी'. 'कवळी कुठे मिळेल'. स्वतःची लाज वाटत होती, पण बोटं थांबत नव्हती.

आई शेजारी बसून पडद्याकडे टक लावून होती. नवी जाहिरात आली की पुढे झुकायची, कुकर दिसला की मागे टेकायची.

"येतील," तो म्हणाला.

"हं. पण बंद केलं होतं कुणी रे?"

'मी', एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटेना.

"आपोआप बंद होतं, आई."

"होय का? बरं झालं बाई. मला वाटलं, रुसले," आई म्हणाली, आणि पुढच्या जाहिरातीपाशी पुन्हा झुकली.