दुधीला कॅन्सर

एक्याऐंशी साली तळवड्याच्या देवळापुढे लोटली तेवढी गर्दी जत्रेलाही लोटत नसे. यंत्रानंद महाराजांनी अमेरिकेहून कॉम्प्युटर आणला होता. दोन पितळी मुठी हातांत धरायच्या. लाल दिवा लागला तर कॅन्सर, हिरवा लागला तर नाही. खंडेनवमीला कारखान्यात लेथ मशीनला घालतात तसा गावानं त्याला झेंडूचा हार घातला होता.

रांगेत पहिला मी. बुवाबाजीवर लेख लिहायचो, अंगात येणाऱ्यांना हसायचो. पण इथे हात जोडले, कारण याला बल्ब होते! त्यातून मी कंपनीत इन्स्पेक्टर. मालावर 'रिजेक्ट'चा शिक्का मारण्यात हयात गेलेली.

"डॉक्टरला मन आहे, म्हणून तो चुकतो!" महाराज गरजले. "यंत्राला मनच नाही!"

मी मुठी धरल्या. लाल! रिजेक्ट.

मी रांगेत, म्हणून माझ्या भरवशावर मागे आमच्या वहिनी, सोजरबाई. त्यांच्या छातीत गाठ होती. गावच्या डॉक्टर नीलाताईंनी तपासणीला पुण्याला जायला बजावलं होतं. त्यांना हिरवा.

"बघा भावजी, मला काय बी न्हाई. पुन्याला आता तुमीच जावा."

तेवढ्यात नीलाताई पुढे आल्या. वाटलं, यंत्र फोडणार. त्या तर कौतुकानं न्याहाळत होत्या.

"असलं यंत्र मलाही हवंय हो. पण साहेब, कंपनीत माप घ्यायचं नवं गेज आलं की आधी काय करता?"

"मास्टर लावतो. माप ठाऊक असलेला तुकडा."

"मग याला काय लावलंत?"

"मला."

गर्दी खो खो हसली. ताईंनी दुधी मागवून कापला, मुठी गरात खुपसल्या. लाल!

"अगं बया, दुधीला कॅन्सर!" वहिनी ओरडल्या.

"भाजी रोगट आहे," महाराज म्हणाले.

ताईंनी वहिनींचे हात ओले केले. लाल. माझे पुसून राख चोळली. हिरवा. यंत्राला कळत होती फक्त ओल. ओल्या कातडीतून वीज सहज जाते. मी भीतीनं घामाघूम. वहिनींचे तळवे घट्टे पडून कोरडे ठणठणीत.

"म्हंजी गाठीचं ह्याला ठावंच न्हाई?"

"नाही, सोजरबाई. उद्या खरं हुशार यंत्र निघालं तर मी त्याचा सल्ला घेईन. पण 'कशावरून?' असं विचारून, आणि गाठ स्वतः तपासून. चुकलं तर तुम्हाला जबाब मी द्यायचा, त्यानं नाही."

महाराज एव्हाना गाशा गुंडाळत होते. वहिनी पुण्याला गेल्या. गाठ वाईटच निघाली, पण वेळेत काढली. मला रागवायला त्या अजून खणखणीत आहेत.

मंडळी, दिवा लागला की तो कशानं लागला, ते विचारा. विचारायला लाज कसली? आणि हाताला गाठ लागली तर सरळ डॉक्टरकडे जा. माझ्यासारख्या शहाण्याच्या मागे रांगेत उभं राहू नका.