अक्काची ओवाळणी

आमचा यशराज माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला बोलणार आहे.

घरात कधी आवाज न चढवणारा हा माझा धाकटा भाऊ, पण गाडीत बसला की त्याच्या अंगात येतं. आमच्या देवास शहरात पायी चालणारा प्रत्येक माणूस आपल्याला मुद्दाम आडवा येतो, असं त्याला वाटतं. "देखा भिया, बघून चालतच नाहीत लोक!" शेजारी मी बसले असले तरी मलाच भिया, म्हणजे भैया म्हणतो.

आमची थोरली बहीण अक्का. ती दर संध्याकाळी एबी रोड ओलांडून टेकरीवर देवीला जायची. नवरात्र संपलं आणि तिचं जाणं एकाएकी बंद झालं. गुडघे दुखतात म्हणाली. तिचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत, म्हणून मी तिचा पिच्छाच पुरवला. तेव्हा बोलली.

ती रस्त्याच्या मध्यावर असताना एक पांढरी गाडी हॉर्न वाजवत अंगावर आली. अक्का दचकून मागे सरली, हातातली पिशवी सुटली, नारळ गडगडत गेला. काच खाली करून गाडीवाला ओरडला, "ए अम्मा, मरना है तो घर पे मर!" आणि निघून गेला. धुळीमुळे अक्काने तोंडावर पदर घेतला होता, त्यामुळे त्याने तिला ओळखलं नाही. तिने मात्र त्याला ओळखलं. तो यशराज होता.

माझं डोकंच फिरलं. "आत्ता फोन लावते मेल्याला!"

अक्काने मोबाइल काढून घेतला. "नको गं माधवी. तो रडेल, पाया पडेल आणि म्हणेल, अक्का, तू आहेस हे कळलं असतं तर थांबलो असतो. मला तेच ऐकायचं नाही."

मी फोन लावला नाही. पण संध्याकाळ झाली की ती खिडकीशी बसून टेकरीवरचे दिवे बघायची, तेव्हा माझा जीव तुटायचा. ज्याला बोट धरून शाळेत नेलं, त्याच्याच धास्तीने घरात बसायचं!

भाऊबीजेला यशराज साडी घेऊन आला. पाटावर बसला. अक्काने टिळा लावला, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजनाने ओवाळलं. साडीला हात लावला नाही.

"मला ओवाळणी दुसरी हवी. टेकरीवर ने."

"बस इतनाच? चल, गाडी काढतो."

"चालत."

ओवाळणीला नाही कसं म्हणणार? आम्ही तिघं निघालो.

रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, तर गाड्या थांबेचनात. यशराज हात दाखवत होता, कुणी बघेना. जरा जागा दिसली तशी आम्ही निघालो. डिव्हायडरजवळ पोहोचतोय तोच एक गाडी कर्कश हॉर्न देत अगदी जवळून गेली. "बुढिया को घर बिठाओ, अंकल!"

अक्काने यशराजचा दंड घट्ट धरला.

"दिखता नहीं क्या?" यशराज पेटला. "बहीण आहे माझी!" गाडी केव्हाच पुढे गेली होती.

डिव्हायडरवर चढून अक्काने श्वास घेतला. "त्याला काय ठाऊक, मी कुणाची बहीण? त्या दिवशी तुलाही ठाऊक नव्हतं. माझा नारळ गडगडत गेला तो तुझ्याच गाडीपुढून."

यशराजला आठवलं. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"अक्का, तू आहेस हे कळलं असतं तर..." एवढं बोलून तो थांबला.

त्याने मागे वळून पाहिलं. आम्ही निघालो होतो त्या कडेला एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन ताटकळत होती. तोंडावर पदर होता. कोण कुठली, आम्हाला ठाऊक नव्हतं.

यशराजने अक्काचा हात माझ्या हातात दिला आणि गाड्यांपुढे हात आडवा धरून तो तिला आणायला परत गेला.

मी पुढे निघणार, तर अक्काने मला मागे ओढलं. "थांब," ती म्हणाली, "येऊ दे त्यांना."