हायड्रोजन आणि क्लोरीनमधला लाल मणी

मी एक जुना लाल मणी आहे, मित्रांनो, आणि मला एका जागी बसवत नाही. घाटकोपरच्या एका ज्युनिअर कॉलेजात सुगंधा मॅडमनी मला तारेत ओवलं. तारेच्या एका टोकाला हायड्रोजनचा पांढरा गोळा, दुसऱ्याला क्लोरीनचा हिरवा. मी म्हणजे दोघांनी मिळून वापरायची इलेक्ट्रॉनची जोडी. यालाच सहसंयुज बंध म्हणतात. पण क्लोरीनची विद्युतऋणता, म्हणजे जोडीला आपल्याकडे ओढायची ताकद, जास्त. म्हणून मॅडम मला बोटाने त्याच्याकडे सरकवायच्या. काय झकास दिवस होते!

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. माझ्याआधीचा मणी सिंकमध्ये वाहून गेला होता आणि प्रयोगशाळेचे मदतनीस दशरथकाका यांनी त्यापायी बोलणी खाल्ली होती. म्हणून त्यांनी मला गम लावून तारेवर बरोब्बर मध्ये चिकटवलं. पट्टीने मोजून, बरं का! माया होती त्यांची, पण माझी वाट लागली. दोन वर्षं मी तिथेच तळमळलो. मुलं मला बघून लिहायची, जोडी अगदी मध्ये असते. अरे, दोन्ही अणू सारखे असले तरच ना!

मग आमच्याच कॉलेजातल्या अबोलीची बारावीची रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा आली. मागच्या वर्षी ती नापास झाली होती. यंदा अडली तर वर्ष पुन्हा जाणार. जोडी क्लोरीनकडे सरकते, हे आदल्याच दिवशी तिने मैत्रिणीला नीट समजावलेलं मी ऐकलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला तिच्यापुढे ठेवून विचारलं, जोडी कुठे असते? ती माझ्याकडे बघून गडबडली आणि "मध्ये" म्हणाली. परीक्षकांनी पेन उचललं. मला माझाच इतका राग आला!

तेवढ्यात दशरथकाका पुढे आले. "सर, मणी मी चिकटवलाय. चूक माझी, पोरीची नाय."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि तिला पुन्हा सांगायला लावलं. अबोलीने नखाने गम खरवडला. सुटलो एकदाचा! तिने मला क्लोरीनकडे नेलं, पण टेकवलं नाही.

"क्लोरीन ओढतो सर, पण हिसकावून नेत नाही. म्हणून त्याच्यावर थोडा ऋण भार, हायड्रोजनवर थोडा धन."

ती पास झाली. काकांनी डोळे पुसले.

मित्रांनो, आम्हाला हरवू नका, जपा. पण जपायचं म्हणून चिकटवून मात्र ठेवू नका. मी एका जागी गप्प बसलो की खोटं बोलतो.